स्ट्रीमिंग बॉक्स घ्यायचाय? सुरुवात स्पीकरपासून करा

‘कोणता बॉक्स घेऊ?’ या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही. आधी विचारतो, टीव्ही कोणता आहे, आवाज कशातून येतो आणि दोघांच्या मध्ये कुठली वायर आहे? समोरचा जरा वैतागतो, कारण त्याला एक नाव हवं असतं आणि सेल संपायच्या आत ऑर्डर टाकायची असते. पण बॉक्स, म्हणजे नेटफ्लिक्ससारखी ॲप टीव्हीवर चालवणारं छोटं यंत्र, ही साखळीतली मधली कडी आहे. तिच्या एका बाजूला तुमचं सबस्क्रिप्शन आणि इंटरनेट, दुसऱ्या बाजूला केबल, टीव्ही, साउंडबार किंवा रिसीव्हर (वेगवेगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर). यातली सगळ्यात कच्ची कडी जेवढं देईल तेवढंच तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणून इथे उलट्या टोकाकडून निघू. बॉक्सची नावं येतील, पण निम्मं वाचून झाल्यावर.

मुळात बॉक्स हवाय का?

टीव्ही दोन-तीन वर्षांत घेतलेला आणि बऱ्या कंपनीचा असेल, नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ आणि जिओहॉटस्टारची ॲप त्यात सुरळीत चालत असतील, साउंडबार ईएआरसीवर (टीव्हीचा आवाज बाहेर नेणारं एचडीएमआय पोर्ट, पुढे येईलच) जोडलेला असेल, तर बॉक्स घेऊन चित्रात फारसा फरक पडणार नाही. टीव्हीतलं ॲप आणि बॉक्समधलं ॲप एकाच सेवेकडून बहुधा तीच फाइल ओढतात. अशा वेळी ते पैसे चांगल्या साउंडबारसाठी राखून ठेवा.

बॉक्सची खरी गरज वेगळ्या घरांत असते. टीव्हीचा पडदा उत्तम आहे, पण आतलं सॉफ्टवेअर म्हातारं झालंय. ॲप उघडायला अर्धा मिनिट लागतो, काही ॲप तर अपडेट व्हायचीच थांबली आहेत. किंवा टीव्हीऐवजी प्रोजेक्टर आहे. किंवा रिसीव्हर आणि पाच-सात स्पीकरांचा संच आहे आणि सगळे सिग्नल आधी त्यात न्यायचे आहेत. किंवा तुमच्याकडे स्वतःच्या फाइलींचा साठा आहे. यातलं काही लागू पडत असेल तर पुढे वाचा.

पायरी पहिली: आवाज कुठून आणि कोणत्या वायरीतून

डॉल्बी ॲटमॉस म्हणजे भोवतालून आणि डोक्यावरूनही येणारा आवाज. स्ट्रीमिंगवर तो ‘डॉल्बी डिजिटल प्लस’ या दाबलेल्या स्वरूपात येतो. नेटफ्लिक्सवर त्याचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त ७६८ किलोबिट. ब्लू-रे डिस्कवरचा ॲटमॉस बहुधा ‘ट्रूएचडी’ या स्वरूपात असतो, म्हणजे काहीही न गाळता, आणि त्याचा आकार कितीतरी मोठा. हा फरक डोक्यात बसला की वायरींचा गोंधळ निम्मा सुटतो.

टीव्हीच्या मागे आवाज बाहेर काढायच्या तीन वाटा सापडतात. पहिली ऑप्टिकल, चौकोनी भोकात लाल उजेड दिसतो ती. तिच्यातून दोन चॅनलांचा (डावा-उजवा) साधा आवाज जातो किंवा जुनं डॉल्बी डिजिटल ५.१. डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही, त्यामुळे ॲटमॉसही जात नाही. दुसरी एआरसी, म्हणजे एचडीएमआय केबलीतूनच आवाज उलटा परत. ही डॉल्बी डिजिटल प्लस नेऊ शकते, म्हणून स्ट्रीमिंगच्या ॲटमॉसला बऱ्याचदा पुरते. जुन्या टीव्हींत मात्र कंपनीने ती सोय दिली आहे का ते बघावं लागतं. तिसरी ईएआरसी. हिची क्षमता सेकंदाला सुमारे ३७ मेगाबिट आहे, त्यामुळे ट्रूएचडी, डीटीएस-एचडी (डॉल्बीच्या प्रतिस्पर्ध्याचं स्वरूप), अनेक चॅनलांचा न दाबलेला आवाज, सगळं मावतं. ब्लूटूथने जोडलेला साउंडबार या हिशेबात धरूच नका, तिथे दोनच चॅनल मिळतात.

आमच्या नात्यातल्या एका घरी साउंडबारच्या खोक्यावर ॲटमॉसचं चिन्ह होतं, नेटफ्लिक्सचा सगळ्यात महागडा प्लॅन होता, नवी कोरी स्टिकही (टीव्हीच्या पोर्टात खोचायचा छोटा बॉक्स) आली होती, आणि तरी बारच्या डिस्प्लेवर ॲटमॉस काही उमटेना. दुकानदार म्हणे स्टिक बदला. टीव्ही भिंतीपासून जरा ओढून मागे टॉर्च मारला तर ऑप्टिकल वायर खोचलेली. बसवायला आलेल्या माणसाने खोक्यात मिळाली ती वायर लावली आणि तो गेला. एचडीएमआयच्या तीन पोर्टांपैकी एकावर बारीक अक्षरांत ‘ईएआरसी’ छापलेलं होतं. केबल तिथे लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पासथ्रू’वर (आला तसाच पुढे) नेला, आणि बारवर अक्षरं आली. स्टिक तीच.

हे घरचं सगळ्यात आधी करायचं काम: टॉर्च घ्या, टीव्हीच्या आणि साउंडबारच्या मागच्या प्रत्येक पोर्टाशेजारची अक्षरं वाचा, फोनवर फोटो काढून ठेवा. एआरसी किंवा ईएआरसी एकाच ठरावीक पोर्टावर असते. बॉक्स निवडताना ही माहिती किमतीपेक्षा जास्त उपयोगी पडते. कशी ते ॲपल टीव्हीच्या वेळी दिसेल.

स्पीकरांच्या आकड्यांबद्दल थोडक्यात: ५.१.२ म्हणजे भोवतालचे पाच, एक सबवूफर आणि वरून आवाज आणणारे दोन. ज्या बारमध्ये शेवटचा आकडाच नाही, तोही ‘ॲटमॉस’ म्हणून विकला जातो. तो ॲटमॉस सिग्नल ओळखतो एवढाच त्याचा अर्थ; वरच्या आवाजाचा तो केवळ भास निर्माण करतो. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये पीओपीचं सपाट छत असेल तर वर तोंड करून आवाज फेकणारे स्पीकर बरे चालतात. कौलारू किंवा उतरत्या छताखाली त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

पायरी दुसरी: पडदा काय दाखवू शकतो

फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. फुल एचडीच्या चौपट. पण ते दिसायला पडदा मोठा आणि तुम्ही जवळ असावे लागता. ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. निरोगी डोळ्याला तीन मीटरवरून साधारण ०.८७ मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी काढता येत नाही. म्हणजे दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या सोफ्यावरून ४३ इंचांवर फोर-के आणि फुल एचडी यांत डोळ्याला काही निवडता येणार नाही. ६५ इंची टीव्ही दोन-सव्वादोन मीटरवरून बघितला तर फरक कळतो. तरीही मी फोर-केचं स्ट्रीमिंग घ्या म्हणतो, ते एचडीआरसाठी, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रासाठी. दिव्याची खरी चमक, काळोखातले तपशील, रंगांची खोली सोफा कुठेही असला तरी दिसते. आणि सेवा एचडीआर बहुधा फोर-केच्या प्लॅनबरोबरच देतात.

एचडीआरच्या जाती तीन-चार आहेत. एचडीआर१० सगळीकडे चालतं. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लस ही दोन त्याहून पुढची. ती दृश्यागणिक उजेडाच्या सूचना बरोबर घेऊन येतात. इथे घराणी पडली आहेत. सॅमसंग आपल्या टीव्हींत डॉल्बी व्हिजन देत नाही, त्यांचा कौल एचडीआर१० प्लसला. एलजीचं नेमकं उलट. त्यामुळे घरी सॅमसंग असेल तर बॉक्सच्या खोक्यावरच्या डॉल्बी व्हिजनच्या चिन्हासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. एचडीआर१० प्लस आहे का ते पाहा. प्राइम व्हिडिओवर ते आधीपासून आहे, नेटफ्लिक्सनेही २०२५ मध्ये सुरू केलं. एलजी, सोनी वगैरे असेल तर डॉल्बी व्हिजन हवंच.

स्वस्तातल्या फोर-के टीव्हीवर एचडीआरचं चिन्ह असतं, पण पडद्याला तेवढा उजेडच नसतो. तिथे एचडीआर चालू केल्यावर चित्र उलट अंधारं दिसतं. हे बॉक्स बदलून सुधारत नाही.

रिसीव्हर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायची. फोर-के आशयाला एचडीसीपी २.२ हे कुलूप असतं. बॉक्स, रिसीव्हर, टीव्ही सगळ्यांकडे त्याची किल्ली लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीचा रिसीव्हर आवाजाला ठणठणीत असला तरी त्यातून नेलेलं चित्र १०८०पीवर (म्हणजे फुल एचडीवर) घसरतं किंवा पडदा काळा होतो. म्हणून रिसीव्हर विकायला काढू नका. बॉक्स थेट टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकलने रिसीव्हरकडे परत आणा.

पायरी तिसरी: आडात आहे का ते बघा

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नेटफ्लिक्सचं फोर-के आणि ॲटमॉस प्रीमियम प्लॅनमध्येच मिळतं. जिओहॉटस्टारवरही फोर-के प्रीमियमलाच बांधलेलं आहे. मोबाइल रिचार्जबरोबर फुकट आलेलं सबस्क्रिप्शन बहुधा खालच्या पातळीचं असतं. खात्यात जाऊन प्लॅनचं नाव बघा. पंधरा हजारांचा बॉक्स आणून १०८०पीचा किंवा त्याहून खालचा प्लॅन चालवणारी घरं कमी नाहीत.

आणि प्रत्येक चित्रपट फोर-केमध्ये असतोच असं नाही. जुन्या मराठी चित्रपटांच्या ज्या प्रती स्ट्रीमिंगवर आहेत, त्यांतल्या कित्येक टीव्ही प्रसारणासाठी केलेल्या आहेत. तो दाणेदार, कडा विरलेला प्रतीचा दर्जा कुठलाही बॉक्स धुऊन काढू शकत नाही, जाहिरातीत कितीही ‘अपस्केलिंग’ म्हणोत.

इंटरनेटचं गणित सोपं आहे. फोर-केसाठी नेटफ्लिक्स सेकंदाला १५ मेगाबिट मागतं. तासाला जवळजवळ ७ जीबी डेटा, त्यामुळे मोबाइल हॉटस्पॉटवर हे खेळ नकोत. घरी १०० मेगाबिटचं फायबर असेल तर वेग भरपूर आहे, पण तो टीव्हीपर्यंत पोचतो का? आपल्याकडे राउटर बहुतेक वेळा दाराजवळ, टीव्ही आतल्या भिंतीवर, मध्ये विटांची आणि काँक्रीटची एखाद-दुसरी भिंत. ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतं, २.४ गिगाहर्ट्झचं पोचतं, पण इमारतीतल्या सगळ्यांच्या राउटरांशी त्याची रेटारेटी. शक्य असेल तिथे सरळ लॅन केबल टाका. भिंतीच्या कडेने पट्टीत बसवून घेतलीत तर कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. घराचं काम काढलं असेल तर वायरमनला टीव्हीच्या जागी लॅनचा पॉइंट द्यायला आत्ताच सांगा.

पायरी चौथी: सर्टिफिकेट नसलेल्या बॉक्सपासून लांब राहा

ऑनलाइन बाजारात दोन-अडीच हजारांत ‘८के, ८ जीबी रॅम, सगळे चॅनल फुकट’ असे अँड्रॉइड बॉक्स मिळतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. सेवांची ॲप चित्र देण्यापूर्वी उपकरणाचं कुलूप तपासतात. अँड्रॉइडवर हे काम वाइडवाइन करतं. त्याची एल१ ही पातळी असेल तरच वरच्या दर्जाचं चित्र मिळतं. एल३ असेल तर ४८०पीच्या आसपास अडकतं. नेटफ्लिक्स त्याशिवाय स्वतःची वेगळी मान्यता देतं. प्रोसेसर कितीही दांडगा असो, मान्यता नसेल तर चित्र डीव्हीडीच्या दर्जाचं.

दुसरी भीती जास्त गंभीर आहे. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस भरून येतो. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता: स्वस्त स्ट्रीमिंग उपकरणं घरच्या वाय-फायवर बसून गुन्हेगारांसाठी तुमचं कनेक्शन वापरतात. ज्या वाय-फायवर तुम्ही बँकेचे व्यवहार करता, तिथे असा पाहुणा कशाला? खोक्यावर कंपनीचं नाव ओळखीचं नसेल, गुगल प्लेऐवजी भलतंच ॲप स्टोअर असेल, ‘सगळं फुकट’ लिहिलं असेल, तर हात लावू नका.

पायरी पाचवी: आता बॉक्स

ज्यांच्याकडे साउंडबार एआरसीवर आहे आणि बघणं सगळं ॲपमधूनच आहे, त्यांनी फायर टीव्ही स्टिक फोर-के किंवा शाओमीची फोर-के स्टिक घ्यावी आणि विषय संपवावा. किंमत पाच-सहा हजारांच्या घरात, सेलमध्ये आणखी कमी. दोन्हींत डॉल्बी व्हिजन आहे, आणि ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसच्या रूपात बाहेर जातो, त्यामुळे साध्या एआरसीलाही झेपतो. तक्रार एकच: मुख्य पडद्यावर जाहिराती आणि शिफारशींची गर्दी. घेताना मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. नावात फोर-के आहे म्हणून डॉल्बी व्हिजन असेलच असं धरू नका. ॲमेझॉनच्याच २०२५ च्या ‘फोर-के सिलेक्ट’ स्टिकमध्ये एचडीआर१० प्लस आहे, डॉल्बी व्हिजन नाही. सॅमसंगवाल्याला ती चालेल, एलजीवाल्याने थोडे पैसे जास्त घालावेत.

फायर टीव्ही क्यूब हा त्याच घराण्यातला थोरला. तिसऱ्या पिढीचा क्यूब २०२२ मध्ये १३,९९९ रुपयांना आला. झपाट्याने चालतो, लॅनचं पोर्ट आहे, सेटटॉप बॉक्स त्याच्यातूनच नेता येतो. लॅन १०० मेगाबिटचं आहे, स्ट्रीमिंगला भरपूर. पण एवढे पैसे काढायचे तर मी पुढच्या नावाकडे वळेन.

ॲपल टीव्ही फोर-के. २०२२ चं मॉडेल भारतात १४,९०० आणि १६,९०० रुपयांना आलं. महागड्यात १२८ जीबी जागा आणि गिगाबिट लॅन. होम थिएटरवाल्याने घ्यायचा तर लॅनवालाच. मुख्य पडद्यावर जाहिरातींची गर्दी नाही, डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१० प्लस दोन्ही आहेत, वर्षानुवर्षं अपडेट येतात. घरात आयफोन नसला तरी चालतो, ॲपलचं खातं मात्र काढावं लागतं. एक मोठी खाच इथे आहे. हा बॉक्स ॲटमॉस जसाच्या तसा पुढे न देता आत उलगडतो आणि न दाबलेल्या स्वरूपात बाहेर काढतो. थेट रिसीव्हरला लावला तर उत्तम. पण टीव्हीला लावून आवाज साउंडबारकडे नेणार असाल तर हा मोठा सिग्नल साध्या एआरसीत मावत नाही, ईएआरसी लागते. मघाशी टॉर्च घेऊन काढलेला फोटो आता उघडा. तुमच्या टीव्हीवर नुसतं ‘एआरसी’ असेल तर पाच हजारांची स्टिक ॲटमॉस देईल आणि सतरा हजारांचा बॉक्स बहुधा देणार नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही.

एनव्हिडिया शील्ड टीव्ही प्रो हे २०१९ चं यंत्र आहे आणि अजूनही शौकिनांच्या तोंडी त्याचं नाव असतं, ते स्वतःच्या फाइलींमुळे. ट्रूएचडी, डीटीएस-एक्स सगळं न उघडता जसंच्या तसं रिसीव्हरकडे पाठवतो, गिगाबिट लॅन आहे, दोन यूएसबी पोर्ट आहेत. पण आपल्याकडे तो आयात होऊन, चढ्या किमतीला मिळतो, आणि बिघडला तर वॉरंटीसाठी दाद कुणाकडे मागायची हा प्रश्न राहतो. फक्त नेटफ्लिक्स-प्राइम बघणाऱ्याने यासाठी धडपडू नये. अमेरिकेत भाऊ-बहीण असेल आणि येताना काही आणणार असेल, तरच विचार करा.

ज्यांनी क्रोमकास्ट विथ गुगल टीव्हीचं नाव ऐकलंय, त्यांच्यासाठी: गुगलने क्रोमकास्टचं उत्पादन ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केलं. घरात असेल तर खुशाल वापरा, नवा मात्र आता घेऊ नका. त्याच्या जागी आलेला गुगल टीव्ही स्ट्रीमर अमेरिकेत ९९.९९ डॉलरला निघाला. तिकडच्या मराठी घरांना तो आणि रोकू अल्ट्रा हे दोन मधले चांगले पर्याय आहेत. तिकडून ॲपल टीव्ही आणलात तर विजेची काळजी नको, तो १०० ते २४० व्होल्टवर चालतो; इथली इंग्रजी आठच्या आकाराच्या टोकाची वायर लावली की झालं.

फायबर किंवा डीटीएच कंपन्यांचे अँड्रॉइड बॉक्स, जसे एअरटेल एक्सट्रीम किंवा टाटा प्ले बिंज प्लस, यांचा फायदा म्हणजे चॅनल आणि ॲप एकाच रिमोटवर. घरातल्या ज्येष्ठांना ते सोयीचं. थिएटरच्या खोलीसाठी मात्र मी ते मुख्य यंत्र म्हणून घेणार नाही. तुमच्या मॉडेलमध्ये डॉल्बी व्हिजन आहे का हे विचारून बघा, विक्री प्रतिनिधी गडबडेल.

पायरी सहावी: बसवणं आणि सेटिंग

घोडं पेंड खातं ते बहुतेक इथे. बॉक्स उत्तम, टीव्ही उत्तम, आणि सेटिंग कारखान्यातून आली तशीच.

केबल ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा शिक्का असलेली घ्या, ती १८ गिगाबिटची असते आणि फोर-के एचडीआरला पुरते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटची. सोन्याचा मुलामा वगैरेंना भुलू नका. शिक्का आणि लांबी बघा. जुनी केबल असेल तर पडद्यावर चांदण्या चमकतात किंवा दर काही मिनिटांनी चित्र क्षणभर जातं.

टीव्हीचं ते पोर्ट पूर्ण क्षमतेवर आणावं लागतं. काही टीव्हींत ते आपोआप होतं, काहींत नाही. सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीमध्ये ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ खाली ‘एनहान्स्ड’. हे न करता डॉल्बी व्हिजन येत नाही म्हणून बॉक्स परत करणारे लोक आहेत.

मग बॉक्सचं चित्र. एचडीआर ‘कायम चालू’ ठेवू नका. ‘ॲडॅप्टिव्ह’ किंवा ‘मॅच’ निवडा, नाहीतर मालिका, बातम्या, सगळंच खोट्या भडक रंगांत दिसेल. ॲपल टीव्हीवर मूळ स्वरूप फोर-के एसडीआर (एचडीआर नसलेलं साधं चित्र) ठेवून ‘मॅच कंटेंट’मधले दोन्ही पर्याय चालू करा. त्यातला दुसरा, फ्रेम रेटचा, बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि बॉक्स टीव्हीला ६० पाठवत असतो. २४ ने ६० ला पूर्ण भाग जात नाही, म्हणून बॉक्स एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा अशी कसरत करतो. कॅमेरा क्षितिजावरून संथ फिरतो तेव्हा चित्र किंचित अडखळत सरकतं, ते यामुळे. फ्रेम रेट जुळवला की अडखळणं थांबतं. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झच्या घराण्यातलं (सेकंदाला २५ किंवा ५० चित्रांचं), त्यामुळे टीव्हीवरून ॲपवर आलेल्या मालिका आणि खेळांनाही याचा फायदा. फायर टीव्ही आणि गुगल टीव्हीवरही हा पर्याय असतो, पण सगळीच ॲप तो पाळत नाहीत. ॲपल टीव्हीवर दर वेळी पडदा दोन सेकंद काळा होतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘टीव्ही बिघडवला’ हे ऐकावं लागेल.

जाता जाता, टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग चित्रपटासाठी बंद करा. पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’.

आवाजासाठी बॉक्समध्ये सराउंड ‘ऑटो’ किंवा ‘बेस्ट अव्हेलेबल’, टीव्हीत डिजिटल आवाज ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’. टीव्हीत ‘पीसीएम’ निवडलेलं राहिलं तर तो सगळं दोन चॅनलांत दळून पुढे देतो. झालं का बरोबर, हे कानाने ठरवू नका. रिसीव्हरचा किंवा बारचा डिस्प्ले वाचा. ‘डॉल्बी ॲटमॉस’ असं स्पष्ट यायला हवं. चित्राचंही तसंच: टीव्हीच्या रिमोटवर माहितीचं बटण दाबलं की येणारा सिग्नल काय आहे ते दिसतं. नेटफ्लिक्सवर शोधात इंग्रजीतून ‘टेस्ट पॅटर्न्स’ टाकलं की चाचणीच्या चित्रफिती सापडतात. बऱ्याच उपकरणांवर तिथे किती ठिपक्यांचं चित्र येतंय तेही लिहून येतं.

संवाद ऐकू येत नाहीत आणि गाणं लागलं की शेजारी दार वाजवतात, ही सार्वत्रिक तक्रार. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. रिसीव्हरमध्ये त्याची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवा आणि तो स्पीकर कपाटाच्या आत खोल न ढकलता कडेशी, कानाच्या दिशेने तोंड करून ठेवा. रात्री ‘नाइट मोड’ लावा. मोठे आवाज दबतात, बारीक उठतात. ओठ आणि आवाज यांत अंतर पडत असेल तर साउंडबारमध्ये किंवा टीव्हीत ‘ऑडिओ डिले’ असतो, तो वीस-वीस मिलिसेकंदांनी सरकवून बघा.

स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या ॲडॉप्टरनेच द्या. टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो, आणि मग स्टिक मध्येच बंद पडून सुरू होते. टीव्ही भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर खोक्यातला छोटा एचडीएमआय जोड वापरा, म्हणजे स्टिक धातूच्या पत्र्याआड गुदमरत नाही आणि वाय-फायही बरं पकडते.

ज्यांच्याकडे स्वतःच्या फाइली आहेत

डिस्कवरून घेतलेल्या पूर्ण दर्जाच्या फोर-के फाइली असतील तर हिशेब बदलतो. फोर-के ब्लू-रेचा वेग सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे १०० मेगाबिटचं लॅन पोर्ट इथे तोकडं. गिगाबिट हवं किंवा हार्ड डिस्क थेट यूएसबीला. ट्रूएचडीतला ॲटमॉस जपायचा तर तो न उघडता पुढे देणारा बॉक्स लागतो, म्हणजे शील्ड किंवा झिडूसारखे खास प्लेअर. ॲपल टीव्हीवर इन्फ्यूज किंवा प्लेक्स या ॲपमधून या फाइली सुरेख दिसतात, भोवतालचे चॅनलही मिळतात, पण ट्रूएचडीमधली वरच्या स्पीकरांची माहिती वाटेत गळते. शिवाय फाइलीत डीटीएस आवाज असेल आणि बॉक्स टीव्हीतून साउंडबारकडे जात असेल, तर टीव्हीलाही डीटीएस पुढे देता यायला हवं. सॅमसंगने २०१८ पासून ते काढून टाकलं. त्यामुळे अशा घरात बॉक्स आधी रिसीव्हरला आणि तिथून टीव्हीला, हीच जोडणी ठेवा.

कुठलाही बॉक्स आला की पहिल्याच शनिवार-रविवारी वरच्या सगळ्या तपासण्या उरका. ऑनलाइन खरेदीची परत करण्याची मुदत बहुधा आठवडा-दहा दिवसांचीच असते. तोवर खोकं, बिल आणि आतल्या पिशव्या टाकू नका. आणि तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी केबल, मग पोर्ट, मग सेटिंग, आणि शेवटी बॉक्स.